अकरा फुगे

डॉक्टरांनी तिन्ही वेळेला दोनच बोटं दाखवली होती. पहिल्या खेपेला दोन, आठ दिवसांनी दोन, त्यानंतरच्या आठ दिवसांनी पुन्हा दोन. ज्ञानूनं तिन्ही वेळेला ‘दोन’ म्हणून सांगितलं, डॉक्टरांनी मान हलवून कागदावर काहीतरी लिहिलं, आणि नंदिनीची झोप गेली. पोराला दिसलं म्हणून तो दोन म्हणाला, की डॉक्टरांकडं गेलं की दोन म्हणायचं असतं म्हणून?

हे सगळं ती घरात कोणाला बोलली नाही. गाडीत मागच्या सीटवर बसून, बाहेर बघत, पुटपुटल्यासारखं बोलली. ते मी ऐकलं. मी एका जुन्या फियाट गाडीची काच बोलतेय, डाव्या बाजूच्या मागच्या दाराची. माणसं माझ्याकडं बघून बोलत नाहीत, माझ्यातून पलीकडं बघत बोलतात. ऐकायला मात्र मीच असते.

तुम्हाला वाईट वाटलं का, असं कोणी विचारलं तर सांगते, काचेला वाईट वाटत नाही. ती तापते आणि निवते. मला काही वाटत असेल तर ते इतकं आत आहे की माझं मलाच सापडत नाही.

जन्माचं फारसं आठवत नाही. वाळू होते म्हणे. भट्टीत होते म्हणे. शुद्धीवर आले तेव्हा मी एका दाराच्या पोटात उभी होते आणि कोणीतरी हँडल फिरवून मला वर-खाली करून बघत होतं. तेवढंच माझं काम, वर जायचं आणि खाली जायचं. साल पासष्ट असावं.

पहिले मालक साखर कारखान्यातले साहेब होते. त्यांच्या मंडळींना गाडी लागायची, म्हणून मी बहुतेक खालीच असायचे. दुसरा मालक कोडोलीचा. त्यानं गाडी वडापला लावली, माणसं कोंबून फेऱ्या मारायला. कोडोली ते कोल्हापूर, पाच जणांच्या गाडीत अकरा जण. तेव्हा माझ्यावर नवऱ्या मुलींनी कपाळं टेकली, म्हाताऱ्यांनी पान थुंकताना अंदाज चुकवला, एका बोकडानं सबंध रस्ताभर नाक घासलं. एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली. सुखी माणूस काच खाली करतो. काळजीतला माणूस ती वर करतो आणि तिला डोकं टेकतो.

एक्याऐंशी साली गाडी यज्ञेश्वरांनी घेतली. ते कोल्हापूरच्या कोर्टात नोकरीला. बोलणं कमी, गाडी पुसणं जास्त. त्यांची बायको नंदिनी, बी.ए. झालेली, आणि काळजी करण्यात एम.ए. ज्ञानू तेव्हा वर्षाचा होता. रस्त्यात खड्डा दिसला की नंदिनी त्याच्या डोक्यावर हात धरायची, आणि खड्डा नसला की खड्डा कुठं गेला याची काळजी करायची.

यज्ञेश्वरांच्या थोरल्या बहिणीला सगळे आक्का म्हणायचे. त्या पलीकडच्याच गल्लीत राहायच्या. त्यांना हे बघवायचं नाही.

“पोराला किती दिवस पदराखाली ठेवणार हाईस? सोड की जरा पोरांत. पोरगं हाय ते, काचंचं भांडं न्हवं!”

आक्का हे वर्षभर म्हणत होत्या. शेवटी शहाऐंशीच्या फेब्रुवारीत, एका संध्याकाळी, नंदिनीनं मन घट्ट केलं. ज्ञानू पायरीवर बसून पोरांचा विटीदांडू बघत होता. ती म्हणाली, “जा की तूही. भितोस काय असा?” आयुष्यात पहिल्यांदा तिनं काळजी केली नाही. विटी डोळ्याला लागायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

त्या संध्याकाळी गाडीत तिच्या मांडीवर ज्ञानू होता, त्याच्या डोळ्यावर ओला रुमाल होता. आक्का पुढं बसल्या होत्या. मिरज येईपर्यंत त्या एकच वाक्य बोलल्या. “पण एवढंबी सोडायचं नव्हतं गं.”

नंदिनीनं हँडल फिरवून मला वर केलं. तिनं मला डोकं टेकलं. मी गार होते.

डोळा राहिला. मिरजेच्या डॉक्टरांनी आत साकळलेलं रक्त हळूहळू जिरेल म्हणून सांगितलं आणि थेंब दिले. त्या थेंबांनी डोळ्यातली काळी बाहुली मोठी होऊन बसायची, त्यामुळं उजेड सोसायचा नाही. डॉक्टर म्हणाले, ऊन लागू देऊ नका. डोळ्यावर बांधायला हिरव्या कापडाची झापड दिली. ती ज्ञानू दर दहा मिनिटांनी वर करायचा. सहा वर्षांचं पोर, त्याला ते घोड्यासारखं वाटायचं.

दर आठ दिवसांनी मिरज. जाताना ठीक असायचं. येताना दुपार व्हायची आणि ऊन नेमकं माझ्या बाजूला यायचं. माझं एवढंच खरं की मी काही अडवत नाही. येईल ते आत जाऊ देते. हातकणंगल्याजवळ रेल्वेचं फाटक पडलं होतं त्या दिवशी पंधरा मिनिटं गाडी उभी राहिली, आणि ते सगळं ऊन माझ्यातून गाळून त्या डोळ्यावर पडत होतं. ज्ञानू ओरडला नाही. नुसता तोंड फिरवून सीटच्या पाठीत खुपसून बसला. नंदिनीनं पदर माझ्या वरच्या फटीत घातला आणि हँडल फिरवून मला घट्ट केलं. पदराला ग्रीस लागलं. त्यातूनही ऊन येतच होतं, फक्त फुलांच्या नक्षीचं.

“काचेला काळी फिल्म लावून घेऊ,” यज्ञेश्वर म्हणाले. “दिलदारच्या दुकानात देऊ गाडी.”

“नको,” नंदिनी म्हणाली. “मी करते.”

“तू? अगं, ज्याचं काम त्यानं करावं.”

“ज्याचं काम त्याचंच आहे हे,” ती म्हणाली. यज्ञेश्वरांनी गिअर टाकला. त्यांना कळलं असावं.

माळ्यावरच्या ट्रंकेत गणपतीच्या मखराचे जिलेटीन कागद ठेवलेले होते. लाल, पिवळा, निळा, हिरवा. तिनं हिरवा घेतला. डोळ्याच्या दवाखान्यात सगळं हिरवंच असतं, झापडसुद्धा, म्हणजे हिरवं डोळ्याला चांगलंच असणार, असा विचार. कणकेची खळ शिजवली, आणि मखराला चिकटवतात तसा तो कागद मला बाहेरून चिकटवला.

आक्का बघायला आल्या. कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “अगं बाई, ही गाडी हाय का मखर? आता आरती तेवढी म्हणायची ऱ्हायली. ज्ञानू, टाळ आण रं!”

ज्ञानू हसला. विटी लागल्यापासून पहिल्यांदाच. नंदिनीलाही हसू आलं, पण तिनं ते गिळलं. आपल्याला हसायचा काय अधिकार, असं तिचं तेव्हा चाललं होतं.

दोन दिवसांत खळीला मुंग्या लागल्या. तिसऱ्या दिवशी जयसिंगपूरच्या पुढं कागद उन्हानं आखडून तडतड वाजायला लागला आणि मधोमध उभा फाटला. एक बारीक उभी रेघ उन्हाची. ती ज्ञानूच्या गालावरून वर सरकत गेली तशी नंदिनी हातानं तिला झाकत गेली. कोल्हापूर येईपर्यंत तिचा हात तसाच वर होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाहूपुरीत दिलदारच्या दुकानासमोर गाडी उभी केली. दिलदार सीटकव्हरं शिवायचा आणि काचांना फिल्म लावायचा. दोन्ही कामांत त्याचा हात कोणी धरत नव्हतं. त्यानं वाकून माझ्यावरचा हिरवा कागद नखानं खरवडला, वास घेतला.

“ह्ये कुणी केलंय? कणिक हाय व्हय? आता तव्यावर टाकायची तेवढी ऱ्हायलीय.”

“मी केलंय,” नंदिनी म्हणाली.

“असूं दे, असूं दे वैनी,” तो ओशाळला. “गाडी सोडून जावा की. दोन तासांचं काम. सांजच्याला घेऊन जावा.”

“मला नुसती फिल्म द्या. लावीन मी घरी.”

दिलदारनं यज्ञेश्वरांकडं बघितलं. यज्ञेश्वरांनी स्टेअरिंगकडं बघितलं.

“वैनी, ह्ये पापड न्हवं, पसरलं की झालं. आमचं वस्ताद सांगायचं, पयल्या शंभर काचा वाया घालवायच्या, मग फिल्म हाताला वळखाय लागती.”

“माझ्याकडं शंभर काचा नाहीत. एकच पोरगा आहे,” ती म्हणाली. मग स्वतःच्याच बोलण्याला लाजून म्हणाली, “तुम्ही फक्त सांगा कसं ते. मी लिहून घेते.”

दिलदारनं एकवार मागच्या सीटवरच्या ज्ञानूकडं, त्याच्या हिरव्या झापडीकडं बघितलं. मग सांगितलं. साबणाचं पाणी भरपूर. दारं बंद, धूळ नको. काचेला आतल्या अंगानं लावायची. “आन् हवा काढायची ती मधनं कडंला. ध्यानात ठेवा, वैनी. मधनं कडंला.” तिनं डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या मागं ते लिहून घेतलं आणि ‘मधून कडेला’ खाली दोन रेघा ओढल्या.

रविवारी सकाळी ती न्हाली, आणि ओले केस तसेच मोकळे सोडून कामाला लागली. उन्हं वर यायच्या आत व्हायला हवं होतं. गाडीत शिरून चारी काचा लावून घेतल्या. पोळ्यांच्या उलथण्याला जुन्या धोतराचा तुकडा गुंडाळला होता. साबणाचं पाणी माझ्यावर शिंपडलं. फिल्मचा कागद सोलून ती मला लावली.

आणि मग तिनं कडा दाबल्या.

सांगितलेलं तिच्या लक्षात होतं. हाताच्या लक्षात दुसरंच होतं. तिनं लहानपणापासून दर जूनमध्ये पुस्तकांना खाकी कव्हरं घातलेली, स्वतःच्या, भावंडांच्या, मग ज्ञानूच्या. कव्हर कडांनी धरतं. शिवाय मनात ती उन्हाची रेघ होती. कडेनं एक दोरा जाईल एवढीसुद्धा फट राहायला नको होती. म्हणून आधी चारी कडा, मग हळूहळू आत. हवेला जायला वाट राहिली नाही. ती पळत पळत मध्ये आली आणि तिथंच बसली. नंदिनीनं उलथण्यानं दाबलं की एक फुगा जायचा आणि शेजारी दोन व्हायचे. तिच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. घाम होता की काय होतं, मला चव कळत नाही.

बाकीच्या फिल्मच्या सुरकुत्या झाल्या. ती वायाच गेली. त्यामुळं चार काचांपैकी मी एकटीच काळी झाले. माझ्या पोटात अकरा फुगे राहिले, आणि खालच्या कोपऱ्याजवळ तिचा एक केस. तो कोणालाच दिसला नाही, तिलाही नाही. मी काही बोलू शकत नव्हते. शिवाय, कधी नव्हे ते माझ्यात काहीतरी राहिलं होतं.

गल्लीत गाडी गेली की कोणीतरी हमखास म्हणायचं, “यज्ञेश्वर, गाडीचाबी डोळा आलाय काय ओ?” एका डोळ्यावर झापड बांधल्यासारखीच दिसायची ती.

पण ऊन थांबलं. फुग्यांसकट, वाकडी, पण मी अडवायला लागले. हातकणंगल्याचं फाटक पुन्हा पडलं तेव्हा ज्ञानू सरळ बसला होता आणि माझ्यावर बोट ठेवून मोजत होता. “अकरा फुगे हाईत, आई.” नंदिनी म्हणाली, “हो रे, अकरा.” तिनं स्वतः कधी मोजले नव्हते. तिला वाटायचं शंभर असतील.

एप्रिलच्या मध्यावर थेंब बंद झाले. आतलं रक्त जिरलं होतं, डोळा बाहेरून अगदी दुसऱ्यासारखा दिसत होता. पण नुसता दिसत होता. त्याला दिसतंय की नाही ते नक्की नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आता चांगल्या डोळ्यावर रोज सकाळी चार तास पट्टी लावा. दुखऱ्याला कामाला लावा. वय लहान आहे तोवर आशा आहे. दीड महिना बघू. उठला तर उठला, नाही तर एका डोळ्यावर दुनिया चालतेच की.

पट्टी नंदिनी लावायची. चारी कडा दाबून, उजेडाचा कण जाणार नाही अशी. हे एक काम तिला पक्कं जमायचं.

आणि तेव्हापासून ती बोटं सुरू झाली. डॉक्टरांची दोन. घरी येताना गाडीत, पट्टी तशीच ठेवून, तिनं चार धरली. ज्ञानू म्हणाला, “दोन.” तिनं एक धरलं.  आईच्या आवाजाचा अंदाज घेतल्यासारखा थांबला, आणि म्हणाला, “किती सांगू?”

तिनं हात मांडीवर ठेवला.

मग एकदा तिनं माझ्याकडं बोट दाखवून विचारलं, “फुगे किती?” “अकरा,” तो लगेच म्हणाला. पण त्याचं तोंड माझ्याकडं नव्हतंच. पाढा म्हटल्यासारखं म्हणाला.

तिनं विचारायचं बंद केलं नाही. पण उत्तर ऐकायचं बंद केलं. सवयीनं विचारायची, तो सवयीनं सांगायचा. शहाऐंशीचा तो मे महिना तिनं असा काढला, जसा मी काढते. तापायचं आणि निवायचं. यज्ञेश्वर एकदा म्हणाले, “तुझी काळजी परवडली, पण हे नको.” तेव्हासुद्धा ती हो म्हणाली.

माझ्या खालच्या कोपऱ्याची फिल्म सुटली होती. हँडल फिरवलं की रबरात अडकून चुरगळायची. यज्ञेश्वर म्हणाले, “दिलदारकडं देऊ आता. चारी काचा नीट होऊ देत.” नंदिनी म्हणाली, “द्या.” एका शब्दात. पुढच्या आठवड्यात दीड महिना संपत होता.

आता जरा पुढचं सांगते आणि मग गाडी दिलदारकडं दिली त्या सकाळकडं परत येते, कारण मला थांबायचं तिथंच आहे.

ती गाडी आता नाही. दोन वर्षांनी उसाची ट्रॉली दाराला घासून गेली. दार चेपलं, मी तेवढी वाचले. दिलदारनं मला काढून दुकानात ठेवली. आता मी त्याच्या टेबलावर आडवी असते. माझ्यावर फिल्म पसरून तो ब्लेडनं कापतो. चरे पडलेत पुष्कळ. कधी वर जात नाही, कधी खाली जात नाही. तक्रार नाही.

गिऱ्हाइकं येतात, विचारतात, “आमी घरी लावली तर चालंल का?” दिलदार सांगतो, “चालंल की. पर मधनं कडंला.” त्यांतली निम्मी पंधरा दिवसांनी खाली मान घालून परत येतात. खरं सांगायचं तर त्याचं काम घरच्या कामापेक्षा चांगलं असतं. माझ्यावर त्यानं नंतर लावलेली फिल्म पाण्यासारखी बसली होती. तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं. तुम्ही गाडी दुकानातच द्या. फक्त कोणाच्या हातची वाकडी काच दिसली तर हसायच्या आधी आत कोण बसतंय ते बघा, एवढं माझं मागणं.

तर ती सकाळ. दहा वाजले असतील. दिलदार मागच्या सीटवर गुडघ्यांवर बसला होता, मी वर होते. ज्ञानूला ते बघायचं होतं, म्हणून तो त्याच्या शेजारी खेटून बसला. चांगल्या डोळ्यावर पट्टी होती, कडा दाबलेली. नंदिनी बाहेर माझ्यासमोर उभी होती. बाहेरून मी नुसती काळी. आतलं तिला काही दिसत नव्हतं.

“बापरे, वैनी!” दिलदार आतून ओरडला. “फुगं सोडलायसा का मोती पेरलायसा?”

पुढच्या दाराच्या उघड्या काचेतून त्याचा आवाज तिला ऐकू आला. ती हसली नाही, रागावली नाही.

त्यानं साबणाचं पाणी मारलं आणि वरच्या कडेत ब्लेड घालून फिल्म सोलायला घेतली. तिनं चिकटवलेल्या कडा हलता हलत नव्हत्या. “ह्या कडा बघा! सिमेंट हाय का काय!” तो पुटपुटला. फिल्म वरून खाली यायला लागली तसे फुगे एकेक करून जायला लागले. एक. दोन. तीन आणि चार एकदम. उजेड वरून आत उतरत होता, पण ज्ञानूनं तोंड फिरवलं नाही. त्याचं नाक मला जवळजवळ लागलं होतं, माझ्यावर त्याच्या श्वासाची वाफ धरत होती.

बाहेर नंदिनी पुढच्या खिडकीशी वाकली. तिनं सवयीनं विचारलं, दूधवाल्यानं किती लिटर म्हणून विचारावं तसं. “ज्ञानू, फुगे किती?”

अकरा असं उत्तर यायचं होतं. ती सरळ व्हायला लागलीसुद्धा.

“सात,” ज्ञानू म्हणाला. “थांब, दिलदारचाचा ओढायलेत... आता सहा. आई, हितं एक केस हाय गं. लांबडा. तुझाच हाय.”